कॉफीचे रिकामे खोके

कॉफी जगभर कशी पसरली, ही कथा पुष्कळांच्या परिचयाची आहे. येमेनमधून सात बिया दडवून आणणारे बाबा बुदन, लंडनच्या कॉफीगृहांत रंगणारे वादविवाद, ब्राझीलमधील अफाट मळे, हे सारे अनेकवार सांगून झाले आहे. परंतु ही कॉफी ज्यात भरून घरापर्यंत आली, त्या पोत्याचे, खोक्याचे आणि डब्याचे पुढे काय झाले, याकडे इतिहासकारांचे लक्ष सहसा जात नाही. कॉफी संपली की वेष्टन निरुपयोगी झाले, असे आज सर्वांनी गृहीत धरले आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या गृहिणीला हे गृहीतक चमत्कारिक वाटले असते. तिच्या दृष्टीने कॉफी संपल्यावर वेष्टनाचा खरा उपयोग सुरू होत असे.

आरंभ पोत्यापासून करणे योग्य होईल, कारण त्याचे एक टोक हिंदुस्थानात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जावा बेटातील कॉफी युरोपात जाई ती अंबाडीसारख्या जवसाच्या तागाने विणलेल्या पोत्यांतून. 1838 साली डच सरकारने ही पोती यापुढे बंगालच्या तागाची असावीत असे ठरविले, आणि स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या ताग-धंद्याला त्या एका निर्णयाने मोठीच चालना मिळाली. पुढे 1855 मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा येथे तागाची पहिली गिरणी निघाली. तेव्हापासून बंगालचा ताग ब्राझीलपर्यंत पोचला आणि जगाची कॉफी त्यातून वाहिली जाऊ लागली. इंग्रजांनी या कापडाला 'गनी' म्हटले, तेही आपल्याच 'गोणी' या शब्दावरून. पोत्याचा हा शिक्का कॉफीच्या व्यापारावर इतका खोल उमटला, की आज कच्ची कॉफी पुष्कळदा जहाजी पेटाऱ्यांतून एकत्रित भरून जात असली, तरी तिची मोजदाद 60 किलोंच्या पोत्यांतच होते.

रिकामे पोते टाकून देण्याची कल्पना कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. आपल्याकडे पोत्याचे एक टोक दुसऱ्यात खोचून केलेली खोळ डोक्यावर घेऊन पावसात काम करणारा हमाल आणि शेतकरी सर्वांनी पाहिलेला आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर व कॅनडाच्या सागरी प्रांतांत त्याच गोणपाटातून वेगळीच कला निर्माण झाली. धान्याचे वा कॉफीचे पोते उसवून, चौकटीवर ताणून, त्याच्या विरळ विणीतून आकड्याने जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या वर ओढून घ्यावयाच्या आणि जाड गालिचा तयार करावयाचा. ज्या घरांना विकतचा गालिचा परवडत नसे, त्या घरांत हिवाळ्याच्या रात्री हे काम चाले. मेन प्रांतातील बिडफर्ड गावचा एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट हा पत्र्याची भांडी विकत हिंडणारा फेरीवाला. 1868 साली त्याने या गालिच्यांची नक्षी गोणपाटावर छापून विकण्याचा उद्योग आरंभिला, आणि छाप्यांसाठी त्याने पत्रा वापरला तोही कपडे उकळण्याच्या जुन्या भांड्यांचा. पोत्यावर मोडीचा छाप उमटवून त्यावर चिंध्यांची नक्षी, असा हा व्यवहार. आज अमेरिकेतील वस्तुसंग्रहालये असे गालिचे मोठ्या निगुतीने जतन करतात.

याच सुमारास कॉफीच्या वेष्टनाचे रूप पालटत होते. तोवर अमेरिकन कुटुंब वाण्याकडून हिरवी, कच्ची कॉफी सुटी विकत घेई आणि घरच्या तव्यावर भाजून काढी. काही दाणे करपत, काही कच्चे राहत. भाजलेली कॉफी विकत घ्यावी तर ती थोड्याच दिवसांत वास गमावून शिळी होई. पिट्सबर्ग येथील वाणी जॉन आर्बकल आणि त्याचा भाऊ चार्ल्स यांनी 1865 च्या सुमारास यावर तोड काढली. भाजलेल्या दाण्यांवर साखर आणि अंडे यांचा पातळ लेप चढवून त्यांनी हवेचा स्पर्श अडविला. 1868 मध्ये या लेपाचे पेटंट मिळाले. ही कॉफी त्यांनी एक पौंडाच्या, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमच्या, कागदी पुड्यांत भरून विकावयास काढली. शेंगदाण्यासारखी पुडीत घालून कॉफी विकणार का, अशी थट्टा प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांनी केली. पण 1873 पासून 'अरिओसा' या नावाने विकली जाणारी ती पुडी पुढील काळात मिसिसिपीच्या पश्चिमेला इतकी सर्वतोमुखी झाली, की गुराख्यांच्या तळावर कॉफी म्हणजेच 'आर्बकल' असा अर्थ रूढ झाला.

पुडीवर पिवळी पट्टी, तीवर तांबड्या अक्षरांत आर्बकलचे नाव आणि खाली उडणाऱ्या देवदूताचे चित्र असे. आत पेपरमिंटची एक कांडी ठेवलेली असे. गुराख्यांच्या ताफ्यातील आचारी या कांडीचे आमिष दाखवून कॉफी दळण्याचे कंटाळवाणे काम एखाद्या गड्याच्या गळ्यात बांधी. दिवसभर बैलांच्या मागे धावणारे दांडगे पुरुष त्या कांडीसाठी दळणावर बसत, ही गोष्ट त्या ओसाड मुलखाच्या जीवनावर पुरेसा प्रकाश टाकते. पुडीवरील आर्बकलची सही कापून ठेवावयाची, अशा सह्या पुरेशा जमल्या की पेढीकडे धाडावयाच्या, आणि त्यांच्या मोबदल्यात रुमाल, कात्र्या, वस्तरे, पडदे, इतकेच काय पण लग्नाची अंगठीही मागवावयाची, अशी योजना होती. पुडीबरोबर देशोदेशींची चित्रे आणि नकाशे छापलेली पत्तेही येत. 1889 साली निघालेल्या अशा मालिका मुलांनी वह्यांत चिकटवून जपल्या. एखाद्या दूरच्या शेतावरील मुलाने पाहिलेला पहिला नकाशा कॉफीच्या पुडीतून आलेला असणे अगदी संभवनीय आहे.

अर्थात आर्बकल हा काही परोपकारी नव्हता. सह्या आणि चित्रे हे गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचे उपाय होते, आणि जाहिरातीच्या आजच्या शास्त्राचा तो एक आद्य पाठ मानता येईल. परंतु त्यातून झाले असे, की वेष्टनाचा कोणताही भाग फुकट जाणार नाही, अशी विक्रेत्याचीही इच्छा असे आणि घेणाऱ्याचीही.

त्या पुड्या ज्या खोक्यांतून येत, त्यांचा इतिहास याहूनही मनोवेधक आहे. शंभर पुड्यांचे एक खोके, म्हणजे शंभर पौंड वजन. आगगाडीतून, पुढे बैलगाडीतून, शेकडो मैल धक्के खात जावयाचे असल्यामुळे त्याच्या फळ्या चांगल्या मजबूत असत. जेथे ही खोकी जात, तो मुलूख बहुतांशी वृक्षहीन. मैदानी प्रदेशात वसणाऱ्या कुटुंबांनी घरेसुद्धा गवताच्या मुळ्यांनी घट्ट झालेल्या मातीच्या ढेकळांची बांधली, कारण लाकूड मिळत नव्हते. अशा ठिकाणी रंधलेली सरळ फळी ही मौल्यवान वस्तू होती. त्या फळ्यांची कपाटे झाली, स्टुले झाली, पेट्या झाल्या, कोंबड्यांची खुराडी झाली. लहान मुलाचा पाळणाही त्यांचाच होई आणि प्रसंगी शवपेटीही. शवपेटीच्या फळीवर आर्बकलचे नाव तसेच राहिले तरी त्यात कोणाला विपरीत वाटत नसे.

नैर्ऋत्येकडील नाव्हाहो लोकांच्या बाबतीत या खोक्यांना एक दुःखद पार्श्वभूमी आहे. 1864 साली अमेरिकन सैन्याने या लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकून शेकडो मैल पायी चालविले आणि बॉस्के रेडोंडो येथे डांबून ठेवले. तेथे शिधा म्हणून त्यांना पीठ आणि कॉफी मिळे. कच्च्या कॉफीचे हिरवे दाणे म्हणजे काहीतरी कडधान्य असावे असे समजून त्यांनी ते शिजवत ठेवल्याच्या आठवणी त्यांच्या परंपरेत आहेत. 1868 च्या तहाने त्यांना आपल्या भूमीत परतता आले, पण कॉफीची सवय त्यांच्याबरोबर परत आली. पुढे व्यापाऱ्यांच्या ठाण्यांवर लोकर आणि घोंगड्या यांच्या बदल्यात ते जो माल नेत, त्यात आर्बकलची कॉफी असे. त्यांच्या 'होगन' नावाच्या गोल घरांत खोक्यांच्या फळ्यांचे सामान दिसू लागले, आणि तान्ह्या मुलाला बांधून पाठीशी घेण्याची जी पाळणा-फळी असते, तीही या फळ्यांतून होऊ लागली. हा केवळ कल्पकतेचा विलास नव्हे. ज्यांचे सर्वस्व एकदा हिरावले गेले होते, त्यांनी हाती आलेल्या लाकडाचा तुकडाही वाया जाऊ दिला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कागदी पुडीनंतर पत्र्याचा डबा आला. बोस्टन येथील चेस आणि सॅनबर्न यांच्या पेढीने 1878 पासून भाजलेली कॉफी बंद डब्यांतून पाठविण्यास सुरुवात केली. 1900 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स बंधूंनी डब्यातील हवा काढून घेऊन तो मोहोरबंद करण्याची युक्ती कॉफीला लागू केली. ती मूळची लोणी टिकविण्यासाठी निघालेली होती. हवाच नसल्यामुळे कॉफी महिनोन् महिने ताजी राहू लागली, आणि आर्बकलच्या साखरी लेपाचे महत्त्व हळूहळू ओसरले. जॉन आर्बकल 1912 मध्ये वारला. त्याच्या पेढीची सद्दी त्यानंतर फार काळ टिकली नाही.

डब्याने मात्र स्वयंपाकघर जिंकले. न्यू इंग्लंडमधील तपकिरी पाव वाफवण्यासाठी पौंडाचा कॉफीचा डबा हेच साचे म्हणून रूढ झाले, ते इतके की पाककृतींतही भांड्याऐवजी कॉफीच्या डब्याचाच निर्देश होऊ लागला. काही व्यापाऱ्यांनी तर डब्याला आधीच कडी लावून तो बादलीच्या आकाराचा केला, म्हणजे कॉफी संपल्यावर मजुराला त्यातून जेवण नेता यावे. खिळे, बटणे, बियाणे, आणि बँकेवर विश्वास नसलेल्यांची शिल्लक, या सर्वांचे स्थान कॉफीचा डबा हेच होते. या शेवटच्या उपयोगाला एक गमतीचे उत्तरकांड आहे. 1984 मध्ये रॉबर्ट कर्बी या अमेरिकन गुंतवणूक-सल्लागाराने उत्तम समभाग घेऊन ते वर्षानुवर्षे न विकता ठेवून द्यावेत, असे सांगताना जुन्या लोकांच्या याच सवयीचा दाखला दिला. त्यामुळे आज मुंबईच्या शेअरबाजारात उठबस करणारी मंडळीही 'कॉफी कॅन' हा शब्द सर्रास उच्चारतात. त्यातील बहुतेकांनी तसला डबा डोळ्यांनी पाहिलेला नसेल.

दुसऱ्या महायुद्धाने या डब्याची खरी किंमत सर्वांना दाखवून दिली. डबा लोखंडी पत्र्याचा, आणि गंजू नये म्हणून त्यावर कथिलाचा पातळ मुलामा. हे कथील मुख्यत्वे मलाया आणि डच ईस्ट इंडीजमधून येई. 1942 च्या आरंभी जपानने हे प्रदेश जिंकताच अमेरिकेला कथील मिळेनासे झाले. कॉफी काचेच्या बरण्यांतून विकली जाऊ लागली. गृहिणींनी रिकामे डबे धुवावेत, कागद काढावा, दोन्ही तळ कापून डबा पायाखाली सपाट करावा आणि गोळा करणाऱ्यांच्या हवाली करावा, असे आवाहन सरकारने केले. अशा पत्र्यांवरून कथील पुन्हा सोडवून घेतले जाई. त्याच वर्षी 29 नोव्हेंबरपासून कॉफीवरही नियंत्रण आले. पंधरा वर्षांवरील प्रत्येकास पाच आठवड्यांत एक पौंड, असे सुरुवातीचे प्रमाण होते आणि ते नियंत्रण जुलै 1943 पर्यंत चालले. म्हणजे त्या महिन्यांत डबाही दुर्मिळ आणि त्यात भरावयाची वस्तूही दुर्मिळ, अशी अवस्था होती.

हे सर्व ऐकताना मराठी श्रोत्याला घासलेटचा डबा आठवल्याखेरीज राहणार नाही. परदेशी तेलाच्या कंपन्या चार गॅलनांचे चौकोनी डबे, दोन दोन करून लाकडी खोक्यांत घालून मुंबई बंदरात उतरवीत. तेल जळून जाई, डबा राही. चाळीतील नळावर पाणी भरण्यास तो, धान्य साठविण्यास तो, अंघोळीचे पाणी तापविण्यास तोच. पत्र्याचे काम करणारे कारागीर तो कापून त्याच्या चाळण्या, नरसाळी, चिमण्या आणि मापे करीत, आणि झोपडीच्या छपरावर अखेर तोच सपाट होऊन बसे. पुढे वनस्पती तुपाच्या डब्याला हेच भाग्य लाभले. कित्येक घरांच्या गॅलरीत तुळस आणि कोरफड त्यात वाढली. कॉफीच्या डब्याची कथा अमेरिकेत घडली आणि घासलेटच्या डब्याची मुंबईत, पण दोहोंच्या मुळाशी कारण एकच होते. फळी ही फळी होती, पत्रा हा पत्रा होता. आतील माल संपल्याने वस्तूच्या जातीत काही फरक पडत नव्हता, आणि साधी कात्री, हातोडी व डाक यांनी तिला नवे रूप देता येत होते.

शिल्पकार अलेक्झांडर कॉल्डर याला हे मर्म चांगले उमगले होते. तारेची व पत्र्याची अधांतरी डोलणारी शिल्पे करून त्याने जगभर कीर्ती मिळविली. त्याने 1951 मध्ये केलेला एक पक्षी कॉफीच्या डब्यांचा पत्रा कापून बनविलेला आहे आणि तो वॉशिंग्टन येथील फिलिप्स संग्रहात आहे. छापील अक्षरे त्याने खरवडून काढली नाहीत. पक्ष्याच्या अंगावर ती पिसांसारखी शोभतात.

त्यानंतरच्या काळात मात्र वेष्टनाची जात बदलली. ताजी भाजलेली कॉफी कित्येक दिवस कर्बद्विवायू सोडीत राहते. ती लगेच बंद केली तर पिशवी फुगून फुटते, आणि वायू जाईपर्यंत थांबावे तर वास उडतो. 1960 नंतरच्या दशकात इटलीतील गोलिओ कंपनीने या पेचावर एक चिमुकली एकमार्गी झडप काढली. आतील वायू तीतून बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. या झडपेमुळे जड डब्याची गरज उरली नाही. डब्याच्या जागी आली ती प्लॅस्टिक, अल्युमिनियम आणि पुन्हा प्लॅस्टिक असे थर एकमेकांस चिकटवून केलेली मऊ पिशवी. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती नामी वस्तू आहे यात शंका नाही. वजन नगण्य, जागा अल्प, कॉफी ताजी. परंतु तिच्यातील अल्युमिनियम प्लॅस्टिकपासून सोडविणे भंगारवाल्याला परवडत नाही, म्हणून तो ती उचलीत नाही. वर्तमानपत्र, बाटली आणि डबा यांना दारात येऊन पैसे देणारा हा गृहस्थ ज्या वस्तूकडे ढुंकून पाहत नाही, त्या वस्तूचा हिशेब कोठेतरी चुकला आहे, असे समजण्यास हरकत नाही.

कुपीची तऱ्हा आणखी पुढची. एका पेल्यापुरती कॉफी अल्युमिनियमच्या वा प्लॅस्टिकच्या लहानशा कुपीत भरून यंत्राला देण्याची पद्धत स्वित्झर्लंडमधील नेस्प्रेसोने 1986 पासून बाजारात आणली. येथे पाच-सहा ग्रॅम कॉफीसाठी एक स्वतंत्र वेष्टन लागते, आणि पेला भरताच ते ओल्या चोथ्यासह टाकाऊ होते. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने 2016 मध्ये सरकारी पैशाने अशा कुप्या विकत घेण्यास मनाई केली. आपल्या कुप्या परत गोळा करण्याची व्यवस्था उत्पादकांनी केली आहे खरी, पण त्यासाठी गिऱ्हाइकाने त्या सांभाळून, साठवून परत न्यावयाच्या असतात. आर्बकलच्या काळी गृहिणी पुडीवरील सही जपून ठेवी, कारण तिच्या बदल्यात कात्री मिळे. आजच्या गृहिणीने रिकामी कुपी जपावी ती केवळ सद्‌बुद्धीने.

तरीही माणसाचा हात स्वस्थ बसत नाही. इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स या देशांत कॉफीच्या व इतर पेयांच्या पुड्यांची चकचकीत वेष्टने धुऊन, पट्ट्या दुमडून त्यांच्या पिशव्या विणल्या जातात, आणि त्यावर काही स्त्रियांची मिळकत चालते. झडपेची जाड पिशवी रोपे लावण्यास बरी पडते. पाणी झिरपत नाही म्हणून तळाला भोके मात्र पाडावी लागतात. कुप्यांची कर्णभूषणेही होतात. या सर्वांत कौतुक करण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्याची तुलना खोक्याच्या फळीशी करू नये. फळीचे कपाट पन्नास वर्षे टिके, आणि ते मोडले तर चुलीत जाई. पिशवीची पिशवी फाटली की ती पुन्हा तीच न सुटणारी गुंतागुंत होऊन उकिरड्यावर जाते. शिवाय एका घरात वर्षाकाठी जितक्या कुप्या रिकाम्या होतात, तितकी कर्णभूषणे घालावयास कान कोठून आणावयाचे?

या साऱ्या प्रवासात एका वेष्टनाने आपला जुना धर्म सोडलेला नाही. ब्राझीलमध्ये साठलेल्या कॉफीचे करावे काय, या चिंतेतून नेस्ले कंपनीने आपली विरघळणारी कॉफी तयार करून 1938 साली बाजारात आणली, आणि कालांतराने ती काचेच्या बाटलीतून घरोघर पोचली. मराठी स्वयंपाकघरात फळीवर हारीने मांडलेल्या या बाटल्यांत कॉफी कधीच नसते. एकीत मोहरी, दुसरीत मेथी, तिसरीत गोडा मसाला, आणि चौथीत, झाकण घट्ट बसते म्हणून, हिंगाचा खडा. कागद भिजवून काढला तरी बाटलीच्या घडणीवरून ती मूळची कशाची, हे पाहुण्याला चटकन ओळखता येते.